पंतप्रधानबाई ‘या’ म्हणत नाहीत

श्टिलबाख गावानं बुर्गीला पंतप्रधान केलं तेव्हा ती परसात गळलेली सफरचंदं वेचत होती. निर्णय झाला तो तिच्या दिराच्या, लाम्बर्टच्या खाणावळीत. सांगायलाही तोच आला, दोन्ही हात खिशात खुपसून, काहीतरी मागायचं असलं की यायचा तसा.

"बुर्गी, तुला पंतप्रधान व्हायचंय."

"कुठली?"

"टेल्डोनियाची."

बुर्गीनं एक किडकं सफरचंद कुंपणापलीकडे भिरकावलं. "आणि दुकान कोण बघणार?"

"मंगळवार ते शुक्रवारच आहे गं. जेवण त्यांचं. तुला फक्त एक शब्द बोलायचाय."

टेल्डोनिया नावाचा देश कुठेही नव्हता. तो पश्चिमेकडच्या त्या मोठ्या लष्करी युतीच्या कचेरीत कुणीतरी बसून तयार केला होता: चिमुकला, डोंगराळ, तटस्थ. पलीकडचा दांडगा शेजारी त्याला धमकावतो, त्याची पंतप्रधान घाबरते, कचरते, आणि शेवटी युतीला फोन करून ‘या’ म्हणते. मग युतीचं सैन्य पूल ओलांडून येतं, शेजाऱ्याला हाकलतं, आणि शुक्रवारी सगळे मिळून सूप पितात. या सगळ्याचा सराव करायला त्यांना एक खोरं हवं होतं, आणि ऑस्ट्रियाकडे खोऱ्यांना तोटा नाही. आता ऑस्ट्रियाही तटस्थच. ते राज्यघटनेत लिहिलेलं आहे आणि शाळेत घोकून घेतात. त्यामुळे व्हिएन्नाहून गावाला आधीच ताकीद आली होती की हा युतीचा सराव नाही, हे ‘सहकार्य शिबिर’ आहे, आणि येणारे सैनिक नाहीत, ‘सहभागी’ आहेत. सहभाग्यांचे रणगाडे रेल्वेनं येत होते.

पंतप्रधान म्हणून बुर्गीच का, हे गावात कुणी विचारलं नाही. श्टिलबाखात वरची आळी आणि खालची आळी एका पाण्याच्या पंपावरून भांडली होती, बुर्गी जन्मली त्याच्याही आधी. तेव्हापासून एवढ्याशा गावात दोन अग्निशमन दलं होती. कुठे आग लागली की दोन्ही धावत यायची आणि आपापल्या बाजूनं अर्धी अर्धी विझवायची. बुर्गीचं तंबाखू-वर्तमानपत्रांचं दुकान बरोबर मधल्या कारंज्यापाशी. वरचे येऊन खालच्यांना शिव्या द्यायचे, खालचे येऊन वरच्यांना. बुर्गी सुटे पैसे परत देता देता म्हणायची, "असं का?" एवढ्या दोन शब्दांवर तिनं सगळा जन्म दुकान चालवलं होतं. दुसरं कुणी पंतप्रधान झालं असतं तर टेल्डोनियात पहिल्याच दिवशी यादवी माजली असती.

मंत्रिमंडळही झालं. लाम्बर्टकडे शिकारीच्या तीन बंदुका होत्या म्हणून तो संरक्षणमंत्री. केस कापणारी इर्मगार्ड दर उन्हाळ्यात इटलीच्या समुद्रावर जायची म्हणून ती परराष्ट्रमंत्री. संसद खाणावळीच्या मागच्या लांबोळक्या खोलीत, जिथे एरवी लोक चेंडू घरंगळवून लाकडी खुंट पाडायचा खेळ खेळत.

सोमवारी मेजर टेर हॉर्स्ट आला. हा डच, उंच, लालबुंद कानांचा. सगळा खेळ चालवायचं काम त्याच्याकडे. त्यानं कारंज्यापाशी बुर्गीला खाड्कन सलाम ठोकला.

"पंतप्रधानबाई, आपल्याला भेटून आनंद झाला."

"माझी फाइल बघितलीत का? मला रक्तदाब आहे," बुर्गी म्हणाली.

"टेल्डोनियाच्या पंतप्रधानांना नाही," मेजर अदबीनं म्हणाला, आणि तिच्यासमोर करडा फोन ठेवला. "उद्या सकाळी हा उचलायचा. थोडं कचरायचं. मग म्हणायचं, ‘या’. बस्स."

"कचरायचं म्हणजे किती?"

"आपल्याला वाटेल तेवढं. फक्त जेवणाच्या आधी आटपा."

"आणि कसं कचरायचं?"

मेजरनं जरा विचार केला. "माझी बायको टोपी घेताना कचरते तसं."

बुर्गीनं मान डोलावली. काम अंगावर घेतलं की ते नीट करायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. त्या रात्री तिनं आरशासमोर उभं राहून बराच वेळ कचरण्याचा सराव केला.

मेजरच्या सोबत ऑस्ट्रियाच्या सैन्याचा एक माणूस होता, लेफ्टनंट कर्नल श्रोल. त्याची अडचण वेगळीच. ऑस्ट्रियाचे सैनिक या सरावात, म्हणजे शिबिरात, आहेत हे तर दाखवायचं होतं. पण तटस्थ देशाचा सैनिक युतीच्या बाजूनं कसा उभा राहणार? शेजाऱ्याच्या बाजूनं तर नाहीच नाही. महिनाभर खल करून व्हिएन्नानं तोडगा काढला होता. नैसर्गिक आपत्ती कुणाचीच बाजू घेत नाही. तेव्हा ऑस्ट्रियाचं सैन्य दरड होईल.

"म्हणजे?" लाम्बर्टनं विचारलं.

"म्हणजे आम्ही दंडाला पांढरी फीत बांधून रस्त्यावर आडवे पडणार," श्रोल म्हणाला. "जिथे आम्ही पडू तिथे दरड कोसळली असं समजायचं."

"आणि दुधाची गाडी?"

"दुधाच्या गाडीला दरड बाजूला होईल."

मंगळवार उजाडला तो स्वच्छ. पुलाच्या पलीकडे कुठल्या कुठल्या देशांच्या गाड्या इंजिनं चालू ठेवून उभ्या होत्या. डोंगराच्या माथ्यावर दांडगा शेजारी, म्हणजे पोर्तुगालहून आलेली एक तुकडी, दबा धरून बसली होती. संसदेत अख्खं गाव लोटलेलं. वरची आळी डावीकडे, खालची उजवीकडे. बुर्गीनं चर्चला घालायचा निळा कोट घातला होता. तिनं फोन उचलला. पलीकडून कुणीतरी दूर देशातल्या तळघरातून म्हणालं, "ऐकतोय."

बुर्गी कचरली. झकास कचरली. खालच्या आळीतल्या दोघी बायकांनी तर रुमाल काढले. मेजर टेर हॉर्स्ट ओठ मुडपून हसला.

मग ती कचरतच राहिली.

मेजरनं घड्याळ बघितलं. इर्मगार्डनं तिला कोपरानं ढोसलं. पुलापलीकडे कुणीतरी इंजिन बंद केलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी, आणि खोऱ्यात एकदम गाईंच्या घंटा ऐकू यायला लागल्या.

"उद्या सांगते," बुर्गी फोनमध्ये म्हणाली, आणि तिनं तो ठेवून दिला.

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली.

"पंतप्रधानबाई," मेजर जवळ येऊन पुटपुटला, "उद्या नाही. आत्ता."

"मला एक सांगा, मेजरसाहेब. या म्हटल्यावर ते येणार. मग जाणार कधी?"

"शुक्रवारी. शुक्रवारी सराव संपतो."

"शिबिर," श्रोल मागून म्हणाला.

"शिबिर संपतं."

"तुमचं संपेल हो. टेल्डोनियातून कधी जाणार?"

"टेल्डोनियासुद्धा शुक्रवारीच संपतो."

बुर्गी त्याच्याकडे बघतच राहिली. "शुक्रवारी जो देश संपणार आहे त्याच्यात मी एवढं सैन्य कशाला बोलवू?"

मेजर काखेतले कागद चाळायला लागला. टेल्डोनियाचा इतिहास, हवामान, गहू किती पिकतो, लोक कुठले सण पाळतात, सगळं त्याच्याकडे जाडजूड बाडात होतं. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

लाम्बर्ट मात्र घरी जाताना वाटेत भडकला. "काय चालवलंयस, बुर्गी? एक शब्द! पोपटसुद्धा बोलला असता."

"मग पोपटाला करायचं होतं."

"अगं, खोटं आहे सगळं. नाटक आहे."

"नाटक आहे तर तू एवढा का चिडलास?"

याचं उत्तर लाम्बर्टकडे होतं, पण ते त्याला देता येईना. त्यानं शुक्रवारच्या सूपसाठी दोन डुकरं कापायला सांगून ठेवली होती.

खरं सांगायचं तर बुर्गीचं तिलाच नीट कळलं नव्हतं. तिला युतीचा राग नव्हता, तटस्थतेचं फार प्रेम होतं असंही नाही. पण फोन हातात असताना तिच्या ध्यानात आलं, की आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं आपण काय म्हणतो ते ऐकायला थांबली आहेत. बायका, पुरुष, जनरल, रणगाडे. आणि आपण काय म्हणायचं ते मात्र त्यांनी आधीच लिहून ठेवलंय. म्हणून तिनं तो शब्द काढलाच नाही. हट्ट म्हणावा तर हट्ट नव्हता. दुकानात गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तिचे हात आपोआप सावकाश व्हायचे, तसलं काहीतरी.

बुधवारी तिनं पुन्हा फोन उचलला, पुन्हा कचरली, आणि म्हणाली, "अजून नाही."

आता मात्र युतीच्या कचेरीत धावाधाव झाली. पंतप्रधान बदलता येईल का, अशी विचारणा झाली. टेल्डोनियाच्या राज्यघटनेप्रमाणे अविश्वास ठराव आणावा लागला असता. तो आणला. वरच्या आळीनं बुर्गीच्या बाजूनं हात वर केले, कारण खालच्या आळीनं विरोधात केले होते. मतं सारखी पडली. सारखी मतं पडल्यास निर्णय पंतप्रधानांचा, असं घटनेत होतं. बुर्गीनं स्वतःवर विश्वास दाखवला.

मग मेजरनं श्रोलला बाजूला घेतलं. "तुमची नागरिक आहे. तुम्ही समजवा."

श्रोल दचकला. "मी? तटस्थ देशाच्या अधिकाऱ्यानं एका तटस्थ पंतप्रधानाला तटस्थता सोडायला सांगायची? व्हिएन्नाला विचारावं लागेल."

त्यानं विचारलं. व्हिएन्नाचं उत्तर दुपारी आलं: टेल्डोनियानं तटस्थ राहावं की नाही, या बाबतीत ऑस्ट्रिया तटस्थ आहे.

तेवढ्यात डोंगरावरून दांडगा शेजारी खाली आला. एकटाच होता. कॅप्टन सेव्हेरिनो नावाचा, बुटका, नाक गळणारा. दुकानाच्या दारात बूट झाडून त्यानं बुर्गीला सलाम केला.

"बाई, एक विचारायचं होतं. आम्ही हल्ला कधी करायचा?"

"मला काय विचारता?"

"आमच्याकडे असं लिहिलंय की तुम्ही ‘या’ म्हणालात की आम्ही चिडायचं आणि हल्ला करायचा. तुम्ही म्हणतच नाही. माझी पोरं दोन दिवस बर्फाळ वाऱ्यात चिडायच्या तयारीत बसलीत."

"मग नका ना करू हल्ला," बुर्गी म्हणाली.

सेव्हेरिनोनं नाक पुसलं. हा मार्ग त्याला कुणी सांगितलाच नव्हता. "चालेल तसं?"

"माझी काही हरकत नाही. आणि हे घ्या, लिंबाच्या गोळ्या. तुमचा आवाज बसलाय."

दांडगा शेजारी त्या संध्याकाळी खाणावळीत उतरला आणि संसदेत खुंट पाडायचा खेळ खेळायला लागला. पोरं चांगली होती. फक्त नेम धरताना ओरडायची फार.

राहिली पुलापलीकडची युती. ‘या’ नाही म्हटल्यावर त्यांना टेल्डोनियाच्या हद्दीत पाऊल टाकता येईना, आणि परतही जाता येईना, कारण रेल्वेगाड्या शुक्रवारच्या ठरलेल्या. रात्री गारठा पडला. गुरुवारी सकाळी पांढरा झगा घातलेला एक नॉर्वेजियन माणूस पुलाच्या मधोमध उभा राहून हात हलवायला लागला.

"काय म्हणतोय?" बुर्गीनं विचारलं.

"डॉक्टर आहे," इर्मगार्ड म्हणाली. ती परराष्ट्रमंत्री असल्यामुळे पुलापर्यंत जाऊन आली होती. "गरम पाणी हवंय. त्यांचा बंब फुटला."

"डॉक्टर म्हणजे काही सैन्य नव्हे. येऊ दे त्याला."

डॉक्टर आला. पाण्याचे हंडे एकट्याला उचलेनात, म्हणून चार जण मदतीला आले. चार जण म्हणाले की पूल हलतोय, याचा एक खांब कुजलाय. ही गोष्ट गाव वीस वर्षं जिल्ह्याला सांगत होतं. युतीचे इंजिनियर म्हणाले, आम्ही आमच्या बाजूनं नीट करतो, मधोमधपर्यंत. मधोमधपर्यंत नीट केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की अर्धा पूल नीट करून काही उपयोग नाही. बुर्गीनं खिडकीतून बघितलं. पूल नीट होत असताना नको म्हणणारी बाई तिला व्हायचं नव्हतं.

इंजिनियर अलीकडे आले म्हणजे त्यांना जेवायला द्यायला हवं. लाम्बर्टकडे दोन डुकरं तयारच. वरच्या आळीनं नॉर्वेजियन लोकांना आपल्या पंपघरात जागा दिली. हे कळताच खालच्या आळीनं स्पॅनिश तुकडीच घरी नेली, वर गाद्याही दिल्या. चर्चच्या गायकवृंदात वरच्या पट्टीतले पुरुष आवाज कधीपासून कमी होते. पाद्रीबुवांनी दोन डेन्मार्कवाले हेरले. बंदुका कुठे ठेवायच्या असा प्रश्न निघाला, तेव्हा त्या चर्चच्या दारातल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभ्या करून ठेवल्या. इर्मगार्डनं सैन्याच्या नियमात बसतील असे केस कापायला सुरुवात केली. हात एकदा बसल्यावर तिनं गावातल्या पुरुषांचेही तसेच कापले, पाद्रीबुवांसकट. एक तार कारंज्यापासून बुर्गीच्या दुकानाच्या छपरावरून पलीकडे गेली. विचारलं तर म्हणाले, फोन नीट चालावा म्हणून.

"कुठला फोन?"

"आपलाच, पंतप्रधानबाई. आपण ‘या’ म्हणाल तर ऐकू यायला नको?"

रस्त्यावर दरड पडून होती. तिच्यावरून सगळे ओलांडून जात होते. एका पोलिश ट्रकसाठी ती आपणहून बाजूलाही झाली. मग श्रोलनं तिला झापलं, की फक्त दुधाच्या गाडीला म्हणालो होतो.

दिवस कलता कलता बुर्गी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. समोर कारंज्यापाशी आठ-नऊ भाषांतून माणसं हसत होती. मेजर टेर हॉर्स्ट येऊन शेजारी बसला. त्याचे कान आता जांभळे झाले होते. बुर्गीनं त्याला कॉफी दिली.

"तुम्हाला माझ्यामुळे बोलणी बसली असतील," ती म्हणाली.

"बसली." त्यानं घोट घेतला. "पण बाई, खरंच विचारतो. का?"

बुर्गीनं आपल्याही कपात कॉफी ओतली. "माझा नवरा रुपर्ट. तो या घरात पहिल्यांदा आला तो शेगडी दुरुस्त करायला. म्हणजे माझ्या वडिलांनी बोलावलं होतं. काम लांबलं म्हणून जेवायला थांबला. दुसऱ्या दिवशी पाना विसरला म्हणून आला. मग त्याचे बूट इथे राहायला लागले, पाऊस असायचा ना. मग टोपी. एक दिवस पाद्रीबुवा म्हणाले, तारीख कधीची धरू? मी म्हटलं, कसली? सगळे हसले. मीही हसले."

"वाईट होता?"

"छे! चांगला होता. चांगलाच होता हो." तिनं पदर सावरावा तसा कोटाचा काठ सावरला. "बत्तीस वर्षं चांगला होता. फक्त त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की नाही, हे मला अजून माहीत नाही. आणि आता कळायचा काही मार्गही नाही. तुम्ही निदान फोन तरी दिलात."

मेजरनं कप पायरीवर ठेवला. मग हळूच म्हणाला, "माझी सासू आमच्याकडे अशीच आली." आणि दोघं खो खो हसले, इतके की कारंज्यापाशी बसलेल्यांनी वळून बघितलं.

शुक्रवारी जनरल आला. हेलिकॉप्टरनं वर एक घिरटी घातली तेव्हाच त्याला सगळं दिसलं: युतीचं सैन्य गावात, पूल मजबूत, तार ओढलेली, शत्रू निःशस्त्र होऊन संसदेत बसलेला, जनता आणि सैन्य एका टेबलाशी. त्यानं उतरताच मेजरचा हात दाबला.

"उत्कृष्ट! इतक्या सरावांत इतकं सुरळीत मी पाहिलं नाही. एकही गोळी नाही. बाई ‘या’ कधी म्हणाल्या?"

मेजरनं श्रोलकडे बघितलं. श्रोलनं दरडीकडे बघितलं. दरड आडवी पडून सिगारेट ओढत होती.

"मी नाही म्हटलं," बुर्गी म्हणाली. तिनं निळा कोट घातला होता. "अजून कचरतेय मी."

जनरल तिच्याकडे वळला. पांढऱ्या भुवयांचा, थकल्या डोळ्यांचा माणूस होता. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाई, मी नोकरीत किती देश पाहिले," तो म्हणाला. "तुमच्याइतका खरा वाटणारा दुसरा नाही." आणि सूप प्यायला गेला.

बुर्गीला ते कौतुक होतं की काय होतं ते समजेना. लाम्बर्टला मात्र समजलं. तो दिवसभर सांगत सुटला, की आमची वहिनी जनरलनं वाखाणली.

संध्याकाळी रेल्वेनं सगळे गेले. स्पॅनिश पोरांनी खालच्या आळीतल्या म्हातारीला मिठ्या मारल्या, ती रडली. टेल्डोनिया संपला. फक्त एक घोळ उरला: पंतप्रधानबाईंचं कचरणं पूर्ण न झाल्यामुळे शिबिर कागदावर बंद करता येईना. तोवर तारेची देखभाल करायला पुलाशी एक छोटी खोली बांधून तिच्यात दोन सहभागी ठेवले. हिवाळ्यात दोघांचे सहा झाले, कारण दोघांना सुट्टी कशी मिळणार? वसंतात खोलीला मजला चढला. गावाची तक्रार नव्हती. बर्फ काढायला ते सगळ्यांच्या आधी यायचे, दोन्ही आळ्यांत. गायकवृंदाला राजधानीत बक्षीस मिळालं. व्हिएन्नातून कुणीतरी दूरचित्रवाणीवर सांगितलं, की देशाच्या तटस्थतेत तसूभरही फरक पडलेला नाही. गावानं खाणावळीत बसून ते ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या, सहभाग्यांनीही.

पुढच्या शरदात मेजर टेर हॉर्स्ट पुन्हा आला, नवं बाड घेऊन. यंदाच्या गोष्टीत टेल्डोनिया युतीचा जुना मित्र होता आणि पंतप्रधानांना संवाद नव्हता. गच्चीत उभं राहून हात हलवायचा. ते काम इर्मगार्डनं घेतलं. तिला हात हलवायला आवडायचं.

पण पहिल्याच सकाळी घोडं अडलं. सुरुवात होणार होती ती सैन्य पूल ओलांडून गावात येतं या प्रसंगानं, आणि सैन्य तर गावातच होतं. आदल्या रात्री रेल्वेनं आलेले थेट आपापल्या जुन्या बिऱ्हाडी उतरले होते: पंपघरात नॉर्वेजियन, पाद्र्याकडे डेन्मार्कवाले, आणि खोलीत ते सहाचे आता किती झालेले.

"असं करू," मेजर शेवटी म्हणाला. "सगळ्यांनी अर्धा तास बाहेर जायचं. मग आत यायचं."

"सगळ्यांनी?" लाम्बर्टनं विचारलं.

"सगळ्यांनी. गावानंही चला, हार-फुलं घेऊन पुलापलीकडे उभे राहा, मिरवणुकीनं आत आणा. छान दिसेल."

मग सगळे निघाले. रणगाडे, स्वयंपाकी, दोन्ही अग्निशमन दलं, गायकवृंद, दांडगा शेजारी, दूधवाला. दरडसुद्धा उठून, फिती नीट करून, रांगेत चालायला लागली. इर्मगार्ड सर्वांत पुढे, नवी टोपी घालून.

"बुर्गी, चल!" लाम्बर्टनं हाक मारली.

"दुकान कोण बघणार?" ती म्हणाली.

ती दारात उभी राहिली. शेवटची गाडी पुलापलीकडे गेली, धूळ बसली. गाव रिकामं झालं. वरची आळी रिकामी, खालची आळी रिकामी. मांजर सोडलं तर रस्त्यावर कुणी नाही. बुर्गी पायरी उतरली आणि रस्त्याच्या अगदी मधोमध चालायला लागली, जिथून एरवी ट्रक जायचे. आधी वर गेली, टोकापर्यंत. मग खाली आली. कुणाच्या कुंपणातून एक उशिराचं सफरचंद बाहेर लोंबत होतं, ते तिनं तोडून खाल्लं. आंबट होतं. कारंज्याच्या कट्ट्यावर बसून तिनं बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी इतकं गार होतं की ती मोठ्यानं "आई गं!" म्हणाली, आणि तो आवाज दोन्ही आळ्यांतून फिरून परत आला. मग ती तशीच बसून राहिली, पाय हलवत, उन्हाकडे तोंड करून. मांजर येऊन तिच्या कोटाला अंग घासून गेलं.

पुलाच्या दिशेनं पहिलं इंजिन सुरू झालं तेव्हा तिनं पाय कोटानं पुसले, बूट हातातच घेतले आणि अनवाणी दुकानात जाऊन मोठ्या भांड्यात कॉफीचं पाणी ठेवलं.